खड्याशेजारचे दोन जोड

१

डबी उघडली आणि आत काहीच नव्हतं.

निळ्या मखमलीच्या गादीला मधोमध एक चीर होती. त्या चिरेत अंगठी बसते, निदान बसायला हवी होती. भाचीच्या होता होता राहिलेल्या सासूबाईंनी डबी तळहातावर उलटी करून आपटली, गादी नखानं उचकटून पाहिली. मग त्यांनी ती टेबलावर अगदी हलकेच ठेवली.

"अंगठी कुठे आहे?"

भाची पांढरीफटक पडली. तिची आई, म्हणजे मावशीची धाकटी बहीण, कपाटाकडे धावली आणि घड्या घातलेले कपडे उगाचच उपसू लागली. मावशी मात्र खुर्चीतून हलली नाही. एका सराफी दुकानात दुरुस्तीच्या खिडकीमागे तिनं तीस वर्षं काढली होती. गळ्यात काळ्या दोरीला भिंग अडकवलेलं असायचं, म्हणून गिऱ्हाइकं तिला भिंगमावशी म्हणायची. हिच्या जिभेला हाड नाही, असंही म्हणायची. आज तिला घरातलं वडीलधारं माणूस म्हणून बोलावलं होतं. काम तसं साधंच होतं. लग्न मोडलं होतं, अंगठी परत द्यायची, चार शब्द बरे बोलायचे आणि पाहुणे गेले की दार लावून घ्यायचं.

"काल होती हो," धाकटी रडवेल्या आवाजात म्हणाली. "तुमच्या थोरल्या सूनबाई भेटवस्तू परत न्यायला आल्या होत्या ना, त्यांनी स्वतः उघडून बघितली. माझ्यासमोर."

"आणि त्या गेल्यावर घरात कोण कोण होतं?"

"आम्ही दोघी मायलेकीच."

"झालं तर मग," सासूबाई म्हणाल्या.

त्यांचा मुलगा दारापाशी उभा होता. फळं-भाज्या साठवायच्या शीतगृहाचा हा मालक चार महिन्यांपूर्वी याच खोलीत भाचीच्या बोटात अंगठी घालताना गोड हसला होता. आताही तो तसाच हसला.

"पाच वाजेपर्यंत थांबतो," तो म्हणाला. "मग चोरीची तक्रार. तू सोमवारी बँकेत रुजू होणार आहेस ना? चोरीची तक्रार असलेल्या मुलीला बँक ठेवून घेते का, ते बघू."

मावशीनं विचारलं, "तेवढ्याच वजनाची, तसल्याच खड्याची नवी करून दिली तर?"

"नको. तीच हवी."

आई आणि मुलगा दोघं एकदमच बोलले. मावशीच्या मनात पाल चुकचुकली. दागिना हरवलेली शेकडो माणसं तिच्या खिडकीपुढे रडून गेली होती, पण त्यातलं एकही नव्या दागिन्याला नको म्हणालं नव्हतं.

२

पाहुणे गेले. साडेदहा वाजले होते. मावशी भाचीला आतल्या खोलीत घेऊन गेली.

"तू घेतलीस?"

"मावशी!"

"विचारायला हवं म्हणून विचारलं. आता बाही वर कर. मघापासून मनगट लपवतेयस."

भाचीनं बाही सरकवली. मनगटाभोवती चार बोटांचे पिवळट, जुने होत आलेले वळ होते. मावशीनं तो हात आपल्या हातात घेतला. या पोरीचा पहिला दात पडला तो तिच्याच मांडीवर.

"अंगठीच्या कार्यक्रमात तू काय म्हणालीस, आठवतं?" भाचीनं विचारलं. "माझा हात भिंगाखाली धरून?"

मावशीला आठवलं. सवय जात नाही. दागिना दिसला की भिंग आपोआप डोळ्याला लागतं. ती भरल्या खोलीत खो-खो हसत म्हणाली होती, "अगं, ही नवी नाही! खड्याच्या दोन्ही बाजूंनी कापून पुन्हा जोडलीय. कुठल्या अडाण्यानं कापली कुणास ठाऊक!" शेजारी बसलेल्या थोरल्या सुनेच्या हातातला पेला तेव्हाच खाली पडला होता. धांदलीत पडला असेल, असं सगळ्यांना वाटलं होतं.

"माझ्या डोक्यातून ते जाईना," भाची सांगू लागली. "गेल्या आठवड्यात त्याला सहज विचारलं, ही आधी कुणाची होती? त्यानं मनगट धरलं. तुला कोण म्हणालं, एवढंच विचारत राहिला. कोण म्हणालं, कोण म्हणालं. मी ओरडत होते तरी सोडेना. चेहरा मात्र अगदी शांत, मावशी. तेव्हाच ठरवलं, या माणसाबरोबर एका छपराखाली राहायचं नाही."

"आईला का नाही सांगितलंस?"

"ती खचली असती."

धाकटी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. मावशीनं रिकामी डबी तिच्या हातात दिली. "काल काय काय झालं, ते करून दाखव. तू म्हणजे थोरली सून आणि मी म्हणजे तू."

धाकटीनं डबी उघडून मावशीपुढे धरली. "आहे बरं का जागेवर, सासूबाई उद्या स्वतः न्यायला येणार आहेत, असं म्हणाली. मग मिटली आणि माझ्या हातात दिली. माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला बराच वेळ."

"मिटली कुणी?"

"तिनंच की."

"मिटताना तू कुठे बघत होतीस?"

धाकटीनं आठवून पाहिलं. "तिच्या तोंडाकडे. डोळे भरून आले होते तिचे."

मावशीनं सुस्कारा सोडला. त्यांच्या दुकानात एक नियम होता. डबी गिऱ्हाइकापुढे उघडी ठेवायची आणि ती मिटायची गिऱ्हाइकानंच. विकणाऱ्यानं मिटली तर घरी जाऊन भांडण ठरलेलं. डबी मिटली की अंगठी आतच आहे असं माणूस धरून चालतो, आणि मिटणाऱ्या हाताला तेवढा क्षण पुरतो.

म्हणजे चोर सापडला होता. पण आपल्याच घरात परत जाणारी अंगठी त्या घरच्या सुनेनं एक दिवस आधी का चोरावी?

३

थोरल्या सुनेला गाठण्याआधी मावशी एका जुन्या कारागिराकडे गेली. अंगठीतले ते दोन जोड तिनं भिंगाखाली पाहिले होते आणि प्रत्येक कारागिराचा जोड त्याच्या अक्षरासारखा वेगळा असतो. आतून आडवं घासून गुळगुळीत करायची खोड एकाच माणसाला होती, अण्णांना. अण्णा पूर्वी तिच्याच दुकानात होते, आता घरच्या पुढच्या खोलीत दिव्याखाली बसून एकटे काम करत.

"या ताई," अण्णांनी फुंकणी बाजूला ठेवली. "तोंड का उतरलंय?"

मावशीनं अंगठीचं वर्णन केलं. मोठा पांढरा खडा, तो धरणाऱ्या चार नख्या, दोन्ही बाजूंना जोड.

अण्णांनी भिंतीवरच्या तारेत खोचलेल्या चिठ्ठ्यांचा एक जुना गठ्ठा काढला. ही पद्धत मावशीनंच दुकानात पाडली होती. दुरुस्तीला आलेल्या वस्तूचं आधी चित्र काढायचं, कुठे मोडलंय ते दाखवायचं, तारीख घालायची आणि आणणाऱ्याची सही घ्यायची. पुढची कटकट टळते. अण्णांनी दुकान सोडलं, पण ही शिस्त सोडली नव्हती.

"ही बघा. तीन वर्षांपूर्वीची, मार्चची दहा तारीख. दोन तुकडे होते. खड्याचा एक आणि खालच्या कडीचा एक. पकडीनं तोडलेली, कडा चिमटल्या होत्या."

चिठ्ठीवर सासूबाईंची ठसठशीत सही होती.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, दारात सुनेचं बोट सापडलं. इथेच स्टुलावर बसून राहिल्या, होईपर्यंत उठल्या नाहीत. मी म्हटलं, अहो, अडकलेली अंगठी खालून कापतात, तळहाताकडून. एक काप दिला की फाकवून निघते. खड्याजवळ कशाला कापलीत, आणि तीही दोनदा? तर म्हणाल्या, तुम्ही तुमचं काम करा."

मावशीनं चिठ्ठी मागून घेतली. रस्त्यावर येऊन ती बसच्या थांब्यावरच्या बाकावर टेकली आणि स्वतःच्या बोटातल्या साध्या वळ्याकडे बघत राहिली. दवाखान्यात कापतात ती खालून, आणि सोनारही खालूनच कापतो. सुजलेल्या बोटाचा माणूस बिचारा स्वतःच हात उलटा करून पुढे करतो. मग वरून कापायची वेळ कधी येते?

तिनं सावकाश मूठ मिटली.

वळ्याची खालची बाजू मुठीच्या आत गेली. बाहेर राहिली फक्त वरची. मूठ उघडायला नकार देत असेल तर वरचा भाग दोन ठिकाणी तोडायचा, उचलायचा आणि उरलेली कडी ओढून काढायची. दुसरा मार्गच नाही.

पण कुणाचीही मूठ उघडते. बोलून उघडते, नाहीतर जोर लावून. कितीही जोर लावला तरी उघडत नाही अशी मूठ एकाच प्रकारच्या माणसाची असते.

भर दुपारच्या उन्हात मावशीनं मूठ पटकन उघडली. भरल्या खोलीत आपण याच गोष्टीवर हसलो होतो, या विचारानं तिला स्वतःची किळस वाटली.

४

थोरली सून एका वाचनालयात काम करत असे. दुपारी तिथे चिटपाखरू नव्हतं. ती शिडीवर उभी राहून पुस्तकं लावत होती. मावशीला पाहताच खाली उतरली आणि तिनं कमरेला खोचलेल्या रुमालाची गाठ सोडली. आत अंगठी होती.

"कामावरून सुटल्यावर तुमच्याकडेच येणार होते," ती म्हणाली. "शप्पथ."

"अगं, पण आमच्या पोरीवर चोरीचा आळ आलाय. पाच वाजता तक्रार होणार आहे."

तिनं हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "मला वाटलं, मला विचारतील. डबी शेवटची मीच उघडली होती ना. पण ही त्यांच्या हातात गेली असती तर आजच वितळवली असती. सासूबाईंना फोनवर बोलताना ऐकलं मी."

"तुला ती कशाला हवी?"

"माझ्या बहिणीची आहे."

मावशीनं स्टूल तिच्याकडे सरकवलं. बोलणाऱ्याला मधे टोचायचं नाही, एवढं ती आज शिकत होती.

"माझी धाकटी बहीण. माझ्याच दिराशी तिचं लग्न ठरलं होतं. मीच जमवलं, दोघी एका घरात राहू म्हणून. तीन वर्षांपूर्वी, आठ मार्चला संध्याकाळी ती त्याला भेटायला शीतगृहावर गेली. दिरानं सांगितलं, भांडून निघून गेली. माझे यजमान सदा माल पोचवायला परगावी, विचारू कुणाला? आठवड्याभरानं पार्सल आलं. आत पत्र आणि अंगठी. मला हे लग्न करायचं नाही, आज बारा तारखेला अंगठी परत पाठवते आहे, मला शोधू नका. यंत्रावर टंकलेलं होतं. पार्सल मीच फोडलं, मावशी. अंगठी अख्खी होती. चकचकीत."

"आणि तू विश्वास ठेवलास?"

"अंगठी परत आली होती ना! आईनं विश्वास ठेवला, पोलिसांनी ठेवला. बोटातली अंगठी काढून पाठवली म्हणजे मुलीनंच मोडलं, यावर कोण शंका घेणार? तीन वर्षं मी तिला शिव्या घालतेय. निर्दयी, आपमतलबी, एक फोन नाही केला म्हणून." तिनं डोळे पुसले. "मग तीच अंगठी तुमच्या भाचीला घातली. मला शरम वाटली, पण मी ओठ शिवून बसले. आणि तुम्ही म्हणालात, कापून जोडलीय. आली तेव्हा अख्खी होती, नंतर कपाटात होती, मग कापली कधी? चार महिने डोक्यात तेच घोळतंय. आणि लग्न मोडल्यापासून सासूबाईंना ती परत मिळवायची एवढी घाई का झाली?"

मावशीनं अण्णांची चिठ्ठी पुढे ठेवली. तारखेवर बोट ठेवलं. दहा. खाली सासूबाईंची सही.

थोरल्या सुनेनं दोनदा वाचलं. "बारा तारखेला तिनं पाठवलेली अंगठी दहा तारखेला सासूबाईंच्या हातात कशी?"

"तिनं पाठवलीच नाही."

मग मावशीनं भिंग डोळ्याला लावून जोड पाहिले आणि न उघडणाऱ्या, थिजलेल्या मुठीचं जे उमगलं होतं ते सांगितलं. जितक्या हळू सांगता येईल तितक्या हळू सांगितलं. थोरली सून रडली नाही. पुस्तकांच्या रांगेकडे बघत ती निर्जीव आवाजात म्हणाली, "मी रोज शीतगृहावर डबा घेऊन जाते. सात नंबरची खोली तीन वर्षं बंद आहे. यंत्र बिघडलंय म्हणतात. किल्ली दिराच्या कमरेला असते. एकदा जाताना सहज हात टेकला होता दाराला."

"मग?"

"बर्फासारखं गार होतं."

मावशीनं पर्समधून फोन काढला. पोलीस ठाण्यातल्या इन्स्पेक्टरबाईंच्या लग्नाच्या बांगड्या तिनंच दोनदा दुरुस्त केल्या होत्या. सगळं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "पाच वाजता ते दोघं तुमच्याकडे येणार ना? बसवून ठेवा. माझा फोन येईपर्यंत शीतगृहाकडे वळू देऊ नका."

५

पाचाला पाच कमी असताना दार वाजलं. सासूबाई बसल्या. मुलगा उभाच राहिला. भाची आतल्या खोलीत आतून कडी लावून बसली होती, थोरली सून आणि धाकटी तिच्यापाशी होत्या.

"सापडली?"

"सापडली," मावशी म्हणाली आणि अंगठी टेबलावर ठेवली. स्वतःच्या हाताखाली, बोटं सैल सोडून. "पण द्यायच्या आधी जरा बोलायचंय. म्हातारीचं बोलणं, लांबेल थोडं. चहा घेणार?"

"चहा नको."

"बरं. या अंगठीला खड्याच्या दोन्ही बाजूंना जोड आहेत. सुनेचं बोट दारात सापडलं, असं तुम्ही अण्णांना सांगितलंत. तुमच्या सुनेची दहाही बोटं मी आज बघून आले. एकावरही व्रण नाही."

सासूबाईंची पापणीही हलली नाही. मुलाचा हात मात्र कमरेच्या किल्ल्यांकडे गेला.

मावशी बोलत राहिली. आठ तारीख, दहा तारीख, बारा तारीख. पत्र आणि पार्सल. एकेक गोष्ट ती खिडकीपुढे दागिने मांडावेत तशी वेळ काढून मांडत होती आणि तिचं अर्धं लक्ष फोनकडे होतं. पाच वाजून दहा मिनिटं झाली. फोन काही वाजेना.

"मुलगी नुसती नाहीशी झाली असती तर लोकांनी शोधलं असतं," ती म्हणाली. "म्हणून अंगठी परत यायलाच हवी होती. अंगठी परत आली की मुलीनं लग्न मोडलं, सगळं साफ. पण ती अंगठी तिच्या बोटात होती आणि मूठ उघडत नव्हती. खोक्यांच्या तारा तोडायची पकड तिथे असतेच. खरं ना?"

"आई, ऊठ," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज शांत होता. त्यानं पुढे होऊन मावशीचं मनगट पकडलं आणि पिळलं. तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिनं हात अंगठीवरून उचलला नाही.

"एवढं करून ती वितळवली का नाहीत?" दात आवळून तिनं सासूबाईंना विचारलं. "दुसऱ्या मुलीच्या बोटात का घातलीत? एवढंच मला कळलं नाही."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना प्रश्नाचं खरोखरच नवल वाटलं होतं.

"इतका चांगला खडा," त्या म्हणाल्या. "दुरुस्तही करून घेतली होती. वाया घालवायची का?"

आपण काय बोललो ते त्यांना बोलून झाल्यावर कळलं. मुलानं मावशीचं मनगट सोडलं आणि आईकडे असं पाहिलं की मावशी मनगटाची कळ विसरली. तेवढ्यात फोन वाजला.

मावशीनं ऐकलं. "बरं," म्हणाली. पुन्हा म्हणाली, "बरं." तिनं आणखी एक गोष्ट विचारली आणि उत्तर ऐकताना डोळे मिटून घेतले. मुलगा दाराकडे धावला, पण बाहेर जिन्यात साध्या कपड्यांतले दोन पोलीस दहा मिनिटांपासून उभे होते.

दोघांना खाली नेलं.  आतलं दार उघडून थोरली सून आणि तिच्यामागून भाची आणि धाकटी बाहेर आल्या.

"सापडली?" थोरल्या सुनेनं विचारलं.

"सापडली गं."

"मला एक सांगा. त्या घरात सगळे माझ्याशी खोटं बोलले, तुम्ही बोलू नका." ती मावशीच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. "दार लावलं तेव्हा ती जिवंत होती?"

मावशीनं फोनवर तेच विचारलं होतं. दाराला आतून नखांचे ओरखडे होते. ती कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेली होती, दोन्ही हात छातीशी, दोन्ही मुठी घट्ट. थंडी सोसेनाशी झाली की माणूस तसाच बसतो.

"होती," मावशी म्हणाली.

धाकटीनं लेकीला जवळ ओढलं. भाचीनं आपलं रिकामं बोट चाचपलं. त्याच घरात, त्याच अंगठीसकट, दोन महिन्यांनी ती नांदायला जाणार होती.

 थोरल्या सुनेनं पदरानं तोंड पुसलं आणि ती चपला शोधू लागली.

"कुठे निघालीस?"

"तिला बाहेर काढतील ना आता. ओळखीचं कुणीतरी हवं तिथे." चपलेत पाय सरकवताना ती अडखळली. मग घरात नजर फिरवत, उसनं काही मागताना माणूस ओशाळतो तशी ती म्हणाली, "एखादी शाल आहे का हो? जाड असली तर बरं."

भाची आत गेली आणि स्वतःच्या पलंगावरची रजईच घेऊन आली.

"मी पण येते," ती म्हणाली, आणि दोघी जिना उतरू लागल्या.